आडवा छेद

उसाच्या पानाचा आडवा छेद घेताना बोट कापलं.
कुंभोजकर मॅडम म्हणाल्या, अजून पातळ घे,
उजेड आरपार गेला पाहिजे.

सॅफ्रॅनिनचा एक थेंब. भिंगाखाली
शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं,
त्या कड्याभोवती आणखी एक.
गजऱ्यालाच गजरा माळल्यासारखा.

वहीत लिहिते:
बाहेरच्या कड्यात प्रकाश पाणी फोडतो,
इलेक्ट्रॉन हातोहात पुढे, ऑक्सिजन दाराबाहेर.
तिथलं विकर ऑक्सिजनकडे ढुंकूनही बघत नाही,
कार्बन तेवढा पकडतं,
चार कार्बनांचं मॅलेट बांधून आत धाडतं
पेशीभिंतीतल्या बारक्या वाटांनी.

आत रुबिस्को.
संथ. सेकंदाला दोनतीन रेणू.
आणि नजर कच्ची:
कार्बनच्या जागी ऑक्सिजन उचलतो,
मग केलेलं निस्तरत बसतो.
म्हणून त्याच्या खोलीतल्या हरितलवकांत
चकत्यांच्या चळतीच नाहीत,
पाणी तिथं जवळपास फुटतच नाही.
मॅलेट येतं, कार्बन उतरवतं,
पायरुवेट होऊन रिकामं परततं.
दर फेरीला दोन एटीपी जादा.
साखर शिरेतून खाली, कांड्यात.

मॅडम विचारतात,
एवढं भाडं ऊस भरतो कशासाठी?

मला वडणग्याचं आमचं गुऱ्हाळ दिसतं.
काहिलीवर वाकलेले अण्णा, मळी काढणारे,
आणि चुलवाणापाशी हसूरचा यल्लाप्पा,
एका डोळ्यात फूल पडलेलं.
एकदा त्यानं ओलं चिपाड आत सारलं.
नुसता धूर. आख्ख्या आधणाचा गूळ काळा.
माणूस बदला, म्हणाले सगळे.
अण्णा म्हणाले,
"माणूस कशाला? ओलं चिपाड
त्येच्या हाताशी येऊच द्यायचं न्हाई."
तेव्हापासून एक पोरगं
वाळकं तेवढं निवडून त्याच्यापुढं टाकतं.
त्या पोराची हजेरी वेगळी.

हे काही मी लिहीत नाही.
लिहिते: उष्ण हवामान, तीव्र प्रकाश,
प्रकाशश्वसन टळते.
पाच गुण.

घरी पोचले तेव्हा शेवटचं आधण उतरत होतं.
यल्लाप्पानं बोटाकडं बघितलं, अगदी जवळून.
"काय झालं?"
पान कापत होते.
"पानच कापतंय की आपल्याला," म्हणाला,
आणि उसाच्या कांडक्यावर
गरम काकवी घेऊन पुढं केली.
धूर शेजारच्या फडावर उतरत होता.
थोडं ऊन अजून शिल्लक होतं,
पानं हवा घेत होती.