हशा ओसरेपर्यंत

पडतं कुणीही.
पण लू डार्बी जिन्यावरून पडायची
तेव्हा हातातल्या ताटलीतला केक सरळ राहायचा,
आणि शेवटच्या पायरीवर बसल्या बसल्या
ती त्याचा एक घास खायची.
बरबँकच्या स्टुडिओत, एकोणीसशे अठ्ठावन्न साली,
एवढ्या भांडवलावर तिला सात वर्षांचं काम मिळालं.

मूळची लुडमिला ह्रुश्का, आयोवातल्या सीडर रॅपिड्सची.
ह्रुश्का म्हणजे नाशपाती.
एजंट म्हणाला, हे नाव पाटीवर बसायचं नाही,
नाक मात्र राहू दे, त्याचे पैसे होतील.
झाले.
सिनेमे अकरा. नऊंत नायिकेची मैत्रीण,
एकात मोलकरीण,
आणि एक, त्याचं पुढे सांगते.

मी तिचे गुडघे वळवायला जायचे,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
डावा जिन्याचा, उजवा साबणाच्या जाहिरातीचा.
दुखलं की ती धंद्यातलं काही सांगायची:
पडल्यावर लगेच उठू नये.
हशा ओसरेपर्यंत पडून राहावं,
नाहीतर त्यांचं हसणं आपल्याच पायाखाली येतं.

आई, बोझेना, ओटच्या गिरणीत पोती शिवायची.
घरात हसायची नाही.
पोर पडलं तर म्हणायची, ऊठ,
फरशी तुझ्या बापाची नाही.
इंग्रजी पोत्यावरच्या छापाएवढं.
एकदाच आली, बसने, अडीच दिवस करून.
तिसऱ्या रांगेत बसली, टोपी मांडीवर घेऊन.
लू जिन्यावरून आली, केक सरळ,
आणि अंधारातून
आधी दोन कोरडे हिसके,
हापशाला पाणी लागायच्या आधीचे,
मग धो धो.

स्टुडिओत ऑर्विल नावाचा एक माणूस होता, हशांची पेटी बाळगणारा.
लोकांचं हसणं फितीवरून कापून ठेवायचा
आणि विनोद जिथे फाटेल तिथे ठिगळ लावायचा.

आता तो अकरावा.
पोराचं पत्र येतं, पोर येत नाही,
ती दारात उभी राहून रडते. तीन मिनिटं, एका दमात.
पॅसाडिनात आधी दाखवून पाहिला,
थिएटर हसून लोटपोट.
त्यांचं काय चुकलं, लू म्हणाली,
ते नाकाला ओळखत होते.
तीन मिनिटं कापली. सिनेमा तरीही पडला,
केकसकट.

मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत हसं वेगळं, हसू वेगळं.
एकाला डोक्यावर टिंब, दुसऱ्याला पायाशी शेपटी.
हसं झालं की माणूस तोंड लपवतो.
ती म्हणाली, मला दोन्हींचे सारखेच पैसे मिळाले.

बोझेना एकोणसत्तरला गेली.
चौऱ्याहत्तरला लू इस्त्री करत होती, टीव्ही नुसता चालू,
कुठल्याशा दंतवैद्याची मालिका.
त्याने चुकीचा दात उपटला,
आणि दोन कोरडे हिसके.
इस्त्री खाली टेकली ती ब्लाउज जळेपर्यंत तशीच.
मग एक कुत्रा तलावात पडला, तिथे.
मग एका पाद्र्याचा टोप उडाला, तिथे.
आईने न पाहिलेल्या, न समजलेल्या
दुसऱ्यांच्या विनोदांवर
आई हसत होती, गिरणीतून सुटल्यासारखी.
लूने वही केली. मालिका, भाग, मिनिट.
वही मी पाहिली आहे. अक्षर घाईचं,
काही ठिकाणी नुसतंच: दोनदा.

गेल्या फेब्रुवारीतला शुक्रवार.
किल्ली माझ्याकडे असते.
आत आले तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर,
टोमॅटोचं सूप कपाटाखालपर्यंत गेलेलं,
चमचा अजून हातात, सरळ.
मी धावले.
तिने बोट वर केलं. थांब.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता,
कोण कशावर पडलं कळलं नाही.
दोन हिसके.
मग धो धो, मग बारीक, मग थेंब थेंब,
मग कुणीतरी दार वाजवलं आणि पुढचा संवाद.

आता, लू म्हणाली,
आणि हात पुढे केला.