पंचवीस डझन

वाशीला आंबा उतरवून
रिकाम्या परतणाऱ्या गाडीतून
माझं पुस्तक देवगडला आलं.
तीनशे प्रती.
पेट्यांत पेंढा तसाच होता,
आणि पानापानाला हापूसचा
जरासा उतरत चाललेला वास.
ड्रायव्हर घाडी भाडं घेईना.
म्हणाला, लेकीसाठी एक द्या, सही करून.
अठ्ठावीस वर्षं रेशनकार्डावर, बँकेत, शाळेच्या दाखल्यांवर
डोळे मिटून केलेली सही
त्या कोऱ्या पानावर बसेना.
पुस्तकावर तर नुसतं ‘कुंदा’ आहे.
सहीत मात्र अख्खं सासर.

घरी मोजून लावली.
आमच्याकडे मोजायचं ते डझनात.
पंचवीस डझन.
नवऱ्यानं एक प्रत हातात घेतली,
देठाकडून बघावी तशी पाठीकडून बघितली,
आणि अगदी मनापासून विचारलं,
‘ह्यो माल किती दिवस टिकता?’

काय सांगणार?
निरगुडीचा पाला घातलाय पेट्यांत.
वाळवीला वाचनाची आवड असते,
हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

पुण्याच्या मुद्रितशोधकानं
एकेचाळीस ठिकाणी ‘खंय’ खोडून
‘कुठे’ केलं होतं.
मी चाळीस परत मिळवले, पेन्सिलीनं, एकेक करून.
एक निसटला.
ऐंशीव्या पानावर माझी तांडेलीण
काळोखात जेटीवर उभी राहून
मुलाला शुद्ध भाषेत विचारते,
‘कुठे गेला होतास?’
मुलगा उत्तर देत नाही.
मी त्याला तसंच लिहिलं होतं,
पण आता त्याचं गप्प राहणं
वेगळंच वाटतं.

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
आम्ही तिघी बसतो.
विजयदुर्गाहून सकाळच्या एसटीनं जैबुन सोलकर येते.
तिनं ट्रॉलरच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं.
पुढून डिझेल, मागून कादंबरी.
जिथं दोन्ही भेटली तिथं संपवली.
प्रकाशक म्हणाला, शेवट घाईचा वाटतो.
ती म्हणाली, वही संपली.

सेराफिन वीस वर्षं
भावाच्या नावानं कथा पाठवत होती.
भाऊ गेला तेव्हा
संपादकांची पत्रं आली घरी:
‘एक समर्थ लेखक हरपला.’
तिनं ती वाचली, नीट घडी घातली,
आणि आठवडाभर, म्हणते,
स्वतःच्याच सुतकात असल्यासारखं
बिनमिठाचं जेवली.
मग पहिल्यांदा स्वतःचं नाव टाकून कथा पाठवली.
साभार परत.

हसतो आम्ही. मग कुणीतरी विचारतंच,
छापलंस कशाला?
माझ्याकडे धड उत्तर नाही.
वहीत होतं तोवर
कपाट झाडायला कुणी आलं की लिखाण भ्यायचं.
छापल्यावर त्याची भीती गेली,
ती मला लागली.

शेजारची भागीरथी मोंडकर
पुस्तक आल्यापासून माझ्या अंगणातून जायची बंद झाली.
विहिरीला लांबचा फेरा घ्यायची.
गेल्या गुरुवारी आली.
पदराखाली पुस्तक, खताच्या पिशवीचं कव्हर घातलेलं.
बसली नाही.
‘एकसष्टार मी आसंय.’
मी गप्प.
‘लुगडा हिरवा नव्हता. मोरपिशी होता.’
मी गप्प.
‘आणि मी परत नाय गेलंय त्याच्याकडे. थंय तू चुकलंस.’

ती परत गेली होती.
अख्ख्या वाडीला ठाऊक आहे.
मी स्वतः तिची ट्रंक
स्टँडपर्यंत धरली होती एका बाजूनं.

पेन्सिल आणली. तिच्याच प्रतीत
हिरवा खोडून समासात ‘मोरपिशी’ लिहिलं.
पुढच्या ओळीवर टोक टेकवून थांबले.
ती बघत होती, मीही.
बाहेर कुणीतरी जाळं ओढत नेत होतं,
शिशाच्या गोळ्यांचा दगडांवर आवाज.

‘ऱ्हवांदे,’ ती म्हणाली, ‘दुसऱ्यांदा छापशीत तेव्हा बघ.’
आणि अंगणातून, सरळ, विहिरीकडे गेली.

दुसरी आवृत्ती निघणार असं
आजवर फक्त तिनंच धरून चाललंय.
पलंगाखाली
चौदा डझन आहेत अजून.