जानेवारीतला मंगळवार

जूनमध्ये नको. जूनमध्ये लिस्बनच्या गल्लीगल्लीत मासे भाजतात
आणि खोलीचा भाव थेट दुप्पट.
नाताळानंतरचा आठवडा तर विचारूच नकोस.
जानेवारीतला मंगळवार बरा, झेफेरीनु,
मंगळवारी आमचं हॉटेल इतकं रिकामं
की जिन्यात माझीच चप्पल मला ऐकू येते.

नाश्त्यासकट चव्वेचाळीस युरो.
मॅनेजर म्हणाला, तुझ्यासाठी अडतीस, देओलिंदा,
आणि हसला, मी गंमत करतेय असं वाटून.
मी वीसची नोट काउंटरवर ठेवली.
मग त्याने पेन शोधलं.

एकवीस वर्षं त्या खोल्या मला ठाऊक आहेत
सासरची माणसं ठाऊक असावीत तशा,
कोण तोंडावर गोड, कोण रात्री कुरकुरतं.
दोनशे चार नको, तिच्या भिंतीतला पाइप पहाटे खोकतो.
एकशे दोनच्या खाली साडेचारला बेकरीचा माल उतरतो.
तीनशे एक दिसायला राणी, पण गादीला मधोमध खड्डा;
तिथे नव्याने लग्न झालेल्यांना पाठवतात,
ते तक्रार करत नाहीत.
आपल्याला तीनशे नऊ.
लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच, पुढे सतरा पायऱ्या.
तुझ्या गुडघ्यांसाठी मी नवव्या पायरीवर थांबेन
कठड्याचं पितळ बघत असल्यासारखी.
पितळ मीच घासते. बघण्यासारखं आहेच.

तू म्हणतोस, नदीपलीकडे आपलं घर,
बोटीने वीस मिनिटं,
स्वतःची उशी सोडून पैसे मोजून झोपायचं कशाला?
मला उत्तर येत नाही.
त्या पलंगावर मी हजारो वेळा चादर ताणली,
कोपरे असे मुडपले की वर टाकलेलं नाणं उडावं,
आणि एकदाही पाठ टेकली नाही.
बसले होते एकदा.
सांतियागु बेटावरून भावाचा फोन आला, आई गेल्याचा,
तेव्हा अगदी कडेला, अंग चोरून.
मग उठून ती सुरकुती हाताने सपाट केली
पुढच्या पाहुण्याला कळू नये म्हणून.

तुझ्या गोळ्या. माझा निळा गाउन.
दोन संत्री आणि छोटी सुरी, खालचा बार महाग आहे.
साबण नको घेऊस, तिथे असतात ते चिमुकले,
आणि या वेळी एक तिथेच फोडायचा,
घरी आणून कपाटात रचायचा नाही.
टॉवेल जमिनीवर टाकायचा.
पाहुणे टाकतात, मीही टाकणार.
तू झोपलास की उचलीन बहुतेक.
सकाळी इव्होने येईल ढकलगाडी घेऊन;
तिने बजावलंय, पलंग आवरलास तर बोलणं बंद.
कबूल केलंय खरं,
पण निघेपर्यंत माझे हात तुला धरून ठेवावे लागतील.

आणि खिडकी.
दोन धुराड्यांच्या फटीतून तेजू नदी दिसते,
पंजाएवढी, त्याहून जास्त नाही.
बारैरूची शेवटची बोट पकडायला
मी किती रात्री धावले आहे,
एकदा तर बूट हातात घेऊन, पावसात,
आणि धक्क्यावरच्या माणसाने दोरी सोडता सोडता थांबवली होती.
त्या मंगळवारी आपण दिवा मालवू,
पडदा थोडा बाजूला करू.
बोट सगळे दिवे लावून निघेल,
त्या फटीत शिरेल, क्षणभर मावेल,
आणि मागून तिसऱ्या रांगेतली, काचेजवळची,
माझी जागा
रिकामीच जाईल पलीकडे.

एवढं जागून माझ्याबरोबर बघ.
मग घोर हवा तेवढा.