सव्वा टक्का

महाप्याच्या ऑफिसात सातला एसी बंद होतो,
मग सर्व्हरची घरघर ऐकू येते
आणि माझा चौदावा मजला
स्क्रीनवर काचेचा होऊन उभा राहतो.
बीम राखाडी. मैल्याचा पाइप
हिरवागार.

ढाळ टाकला, एकास ऐंशी.
सॉफ्टवेअर म्हणालं, १.३.
सेटिंगच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून
दशांशाला आणखी एक घर दिलं,
तेव्हा कुठे सव्वा टक्का
सव्वा दिसला.

आमच्याकडे टक्का म्हटलं की साडेबारा.
सिडकोची फाइल, आत्याची सही, काकांची हरकत.
तळवलीचे मिठागराचे वाफे गेले,
बदल्यात काय आलं
ते जेवताना कोणी काढत नाही.
मी त्याच आकड्यातला दशांशबिंदू
एक घर डावीकडे सरकवून
पगार घेते.

सहा मीटर चाळीस लांबी,
ऐंशी मिलिमीटर उतरण हवी.
बीमच्या पोटाखाली, सीलिंगच्या पाठीवर
उरतात बासष्ट.
खालचं टोक ओढलं तर शाफ्टमधला सांधा सुटतो,
वरचं उचललं तर पाइप
बीमच्या काँक्रिटमध्ये घुसतो
आणि दोघेही लाल होतात,
जिन्यात भांडणाऱ्या शेजाऱ्यांसारखे.

वैद्यनाथन सर बीमला भोक पाडू देत नाहीत.
"तिथे? आधी सळया मोज."
कारखानीस मॅडम सीलिंग खाली घेत नाहीत,
उंची ब्रोशरमध्ये छापून झाली आहे.
सुभान मिस्त्रीला फोन लावला.
अठरा मिलिमीटर कमी, म्हटल्यावर
मिक्सरच्या आवाजात तो जरा थांबला.
"म्हणजे एक बोट. द्या ओ मॅडम, बसवतो मी."
तो बसवेलही.
तेच मला नको आहे.

खोटं सांगत नाही, हात माऊसवर गेला होता.
पाइपचे दोन तुकडे करायचे,
पहिला सव्वा, दुसरा पाऊणच्याही आत,
टॅग लावायचा फक्त पहिल्याला.
शीटवर कुणाला दिसलं नसतं.
दिसलं असतं तीन-चार वर्षांनी
चौदाशे दोनमधल्या माणसाला,
ज्याने अजून बुकिंगसुद्धा केलेलं नाही,
एका रविवारी, घरात पाहुणे असताना.
आणि पाणी नेमकं कुठे मुरतंय
हे तेराशे दोनच्या छताने सांगितलं असतं.

बाबा भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचे
आणि चिखलात टाच रोवून
वाफ्याचा ढाळ बघायचे.
बघायचे म्हणजे काय,
नजर भलतीकडेच, बहुतेक बिडीकडे.
चुकला की तोंडात शिवी, हातात फावडं.
मी सहा वर्षांची होते,
मला ती टाच तेवढी आठवते,
पांढरी, मिठाने तडकलेली.
त्यातून मला काही शिकता आलेलं नाही.
मी कॅल्क्युलेटर काढला.

बासष्ट गुणिले ऐंशी,
चार हजार नऊशे साठ.
म्हणजे अख्खा संडास
एक मीटर चव्वेचाळीस
शाफ्टकडे ओढायला हवा.
ओढला.
सांधे जुळले, लाल विझलं.
फक्त कमोडची पाठ आता
देवघराच्या भिंतीला लागते.
तिथे स्क्रीन काही बोलत नाही,
देव त्याच्या यादीत नाहीत.
उद्या अकराच्या मीटिंगला
कारखानीस मॅडम लाल होतील.

"ढाळ बरोबर आहे, बाकीचं बोलू,"
एवढं लिहून मेल पाठवला.
खाली, मढवी.

निघताना बेसिनमध्ये हात धुतले.
पाणी जाळीपाशी जरा रेंगाळलं,
गोल फिरलं,
मग गेलं.
नळ बंद करून मी तिथेच उभी होते,
पर्स खांद्यावर,
शेवटचा थेंब जाईपर्यंत.