लिफ्ट बंद

डेरी शहर. शनिवार. दारावर चिकटवलेला कागद:
लिफ्ट बंद.
ओशीनच्या आईने गाडीची किल्ली पुन्हा बाहेर काढली.
ही चाल तिला पाठ होती.

डर्व्हला बाई जिना उतरून आल्या,
कागद वाचला, मनात मोजलं:
बावीस जण उतरू शकतात,
एक चढू शकत नाही.

मग व्हायोलिनं उतरली, ढोल उतरला,
डबल बास तर भिंती खरवडत, कुरकुरत.
मासळीच्या व्हॅनशेजारी खुर्च्या.
फॉईल नदीवरचा वारा पानं उलटवतोय.

ओशीनने गालाने बटण दाबलं.
एकच सूर,
अर्धी मात्रा उशिरा.
बाईंनी हात तोवर
हवेतच धरला होता.

व्हॅनवाल्याला निघायचं होतं.
त्याने इंजिन बंद केलं.

संध्याकाळी बाईंनी लिफ्टवाल्यांना फोन लावला.
वरच्या पट्टीत बोलल्या.