जानेवारीतला कीस

मिल बंद पडली तेव्हा मकरंद पोटात होता.
पैसे आले तेव्हा त्याच्या कानशिलावर
पहिला पांढरा केस.
त्या पैशातून ह्यांनी आधी काय आणलं,
तर महाराणी रोडवरून हे यंत्र.
पिशवीतली हवा ओढून घेतं, तोंड चिकटवतं.
"बत्तीस वर्षं थांबून हे?" मी म्हणाले.
"टिकतं," हे म्हणाले.

भाद्रपदात छावणीतून चाळीस भुट्टे.
मी किसायचं, ह्यांनी भरायचं.
पहिल्याच पिशवीला भुट्ट्याचं दूध
यंत्राच्या नरड्यात गेलं. घरघरलं, थांबलं.
जुना टूथब्रश घेऊन अर्धा रविवार बसले,
मागात अडकलेला दोरा काढायचे तसे,
जीभ दातांत धरून.
मग अक्कल आली:
आधी डब्यात गोठवायचा,
विटेसारखा झाला की पिशवीत.

घर्रर्र. पिशवी आत आत जाते,
किसाच्या अंगाला लागून बसते.
लाल बत्ती. हिरवी बत्ती.
वर मार्करने, बॉबिनच्या पेटीवर लिहायचे
त्याच तिरक्या वळणाने:
तारीख, वजन, पाळी पहिली.
"पाळी कशाला?"
"सकाळी भरलंय ना."

मग चटकच लागली.
मटार, सोललेला लसूण, जीरावन,
मकरंदची जन्मपत्रिकासुद्धा आवळून ठेवली.
एक दिवस शेव घातली. लवंगेची, पाव किलो.
पिशवी आक्रसली आणि आतून बारीक
कड्, कड्कड्.
हिरवी बत्ती लागेतो पीठ.
हे यंत्रावर हात ठेवून बघत राहिले.
शेववाला पुडी फुगवून देतो
ते काय उगाच?
आठवडाभर पोह्यांवर चुरा खाल्ला.
कुणी काही बोललं नाही.

तुळशीराम ह्यांच्या शेजारच्या मागावर होता.
दर रविवारी फाटकापाशी बैठक,
किती वकील झाले, किती तारखा,
आणि हा डब्यातून बाफले आणायचा,
भांडणाऱ्यांनाही पुरतील एवढे.
त्याचा हिशोब निघाला तेव्हा तो नव्हता.
सही रामकलीने केली.
अंगठा नव्हे, सही.
तेवढ्यासाठी शिकून ठेवली होती,
पहिल्या पाच-सात वर्षांतच.

डिसेंबरात हे तिच्याकडे गराडू घेऊन गेले,
सोलून, तुकडे करून, तीन पाकिटं.
कधी भरले, किती दिवस चालतील,
तेलात केव्हा सोडायचे, सगळं सांगत बसले.
तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"भैया, अब खाना भी तुम्हीं सिखाओगे?"
घरी येऊन मला सांगताना
ह्यांना हसू आवरेना.

आज संक्रांत. एक वीट फोडली.
हिंग, मोहरी, हिरवी मिरची, दुधाचा हबका,
आणि स्वयंपाकघरात ओल्या कणसांचा वास,
खिडकीबाहेर धुकं असताना,
दूधवाला कानटोपीत असताना.
हे चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघतात.
"राहिलीय ना चव?"

राहिली होती. थोडी.
त्या पैशांची राहिली होती तेवढी म्हणा,
तेव्हा त्यात घर आलं असतं,
आता ओट्याच्या फरशा आल्या, आणि हे.
"मीठ कमी आहे," मी म्हणाले.
ह्यांनी मीठ घेतलं, मलाही वाढलं.

दुपारी रामकलीचा नातू सायकलवर आला.
तिळाचे लाडू, आणि आजीने पिशव्या परत दिल्यात,
धुऊन, घडी घालून.
इतकं जाड प्लास्टिक टाकवेना तिला.
ह्यांनी उजेडात धरून पाहिल्या.
तोंडाशी कापलेल्या, बोटभर आखूड,
तारीख पुसट, पाळी दुसरी.
"अजून एकदा भरतील."
मग गच्चीच्या दोरीला चिमट्याने लावल्या,
उलट्या, पाणी निथळायला.

वर पतंग काटले जात होते, पोरं ओरडत होती.
तीन पिशव्या
वारा शिरेल तशा फुगत होत्या,
पडत होत्या, परत फुगत होत्या.
हे खाली यायचं नाव घेईनात.