तडा कुठून सुरू झाला

पाच कोनांतून फोटो काढले होते मी.
पावती जोडली, सिरियल नंबर जोडला,
जुन्या टूथब्रशनं जोडातली माती खरवडली,
आणि मग सहावा फोटो, त्यांनी न मागितलेला,
शेजारी पेनीचं नाणं ठेवून,
भेग किती लांब आहे ते कळावं म्हणून.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं.
सखेद कळवतो. बाहेरून बसलेला आघात.
नेहमीच्या वापरापलीकडचा वापर.
सबब दावा मान्य करता येत नाही.

सबब.
सायकलीच्या नावातच डोंगर आहे, इद्वाल म्हणाला,
मी ती न्यायची कुठे, चर्चला?

इद्वाल प्रिदर्क, वय एकसष्ट.
ब्लायनायच्या खाणीत तीस वर्षं पाटीचा दगड चिरला त्यानं.
त्याच्या हातच्या पाट्या कुठल्या कुठल्या गावांच्या छपरांवर आहेत,
त्यानं त्यातलं एकही गाव पाहिलेलं नाही.
खाण बंद झाली, मग तिच्याच राडारोड्यावर
कुणीतरी सायकलींच्या वाटा काढल्या,
आणि हा हिशेबाच्या पैशांतून सायकल घेऊन
स्वतः टाकलेल्या ढिगाऱ्यांवरून खाली येऊ लागला,
आठवड्यातून तीनदा, शिट्टी वाजवत.

चौदा महिने.
मग मागच्या सस्पेन्शनची ती लिंक,
तळहाताएवढी, काळी,
खट्.

दुकानात त्यानं चष्मा लावला,
अंगठा जिभेला लावून भेगेवरून फिरवला
आणि दाराशी उजेडात गेला.
बराच वेळ आला नाही. माझा चहा निवला.

हेलेद, हे बघ.
ही आतली कड, बेअरिंगच्या खाचेपाशी. मळकट आहे. जुनी आहे.
ही बाहेरची, कोरी, नव्या सुरीसारखी.
म्हणजे तडा आत जन्मला, महिनोन्‌महिने
इंचाइंचानं नाही, केसाकेसानं सरकला,
आणि बाहेर तो सगळ्यात शेवटी पोचला.
ह्यांना तो बाहेर दिसला
म्हणून ह्यांनी बाहेरून आला म्हटलं.

मी हे सगळं लिहून पाठवलं.
खाली त्याचं नाव घातलं, आणि तीस वर्षं.
दुसरं उत्तर तीन ओळींचं:
निर्णय अंतिम. गैरसोयीबद्दल खेद.
नव्या संचावर पंधरा टक्के सूट.
एकटी लिंक विकत मिळत नाही.

इद्वालनं ते दोनदा वाचलं.
माझ्या बापाच्या छातीचा फोटोही
असाच गेला होता पोस्टानं, तो म्हणाला.
खाणीची धूळ नव्हे, कळवलं त्यांनी. बाहेरचं कारण. तंबाखू असावी.
बाप पेपरमिंट खायचा. दिवसाला एक पुडा.
मग जरा थांबून: सूट घेतलीस का?

नाही घेतली.
बेथेस्डाच्या एका पोराच्या भंगारातून
लिंक मिळाली, नारिंगी रंगाची.
सायकल आता चढावर करकरते,
तो येतोय हे मला वळणाआधी कळतं.

शुक्रवारी तो छिन्नी, मोगरी घेऊन आला,
आणि घराच्या पायरीचा असावा असा एक दगड.
दुकानाच्या उंबऱ्यावर बसून
कड चाचपली, छिन्नी टेकवली,
एक ठोका. जोराचाही नाही.
दगडानं जणू वाटच पाहिली होती.
दोन पाट्या.

एकीवर मी आता ट्यूबचे भाव लिहिते.
दुसरी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळली,
वर कंपनीचा पत्ता घातला, आत काहीच नाही,
ना चिठ्ठी, ना नाव.

पोस्टात मी त्याच्या मागे उभी होते.
खिडकीतल्या बाईनं विचारलं, नाजूक आहे का?
आता नाही, तो म्हणाला,
फुटायचं होतं तिथे फुटून झालंय.
मग नऊ पौंड चाळीस मोजून दिले
आणि पावती मागून घेतली.